खर्जाचा आवाज आणि लहानशी खोली



दूरच्या वाडीवर लग्नाची वरात निघाली, तर आपल्या कानावर आधी काय येते? सनई नव्हे, तुतारीही नव्हे. आधी येतो तो ढोलाचा घुमारा. वारा फिरला की सनई मधूनच पुसली जाते. ढोल मात्र शेते, ओढे आणि घरांच्या भिंती ओलांडून येतच राहतो. उंच स्वर हवेत आणि भिंतीत लवकर विरतात, खर्जाचे स्वर सहसा विरत नाहीत. हा खर्जाचा गुण म्हणा की अवगुण म्हणा, आजचे भाषण त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

अलीकडे तालुक्याच्या गावी, क्वचित खेड्यातही, घरातली एखादी खोली चित्रपट पाहण्यासाठी सजवलेली दिसते. तिला 'होम थिएटर' म्हणतात. समोर मोठा पडदा, चहूबाजूंना पाच लहान स्पीकर, आणि कोपऱ्यात एक जड पेटी. ही पेटी म्हणजे सबवूफर. मेघगर्जना, तोफेचा आवाज, डग्ग्याची घुमक, असला सारा खर्ज वाजवण्याचे काम तिचे. बाकीची खरेदी सोपी असते. घोटाळा होतो तो या पेटीपाशी. दुकानदार इंच सांगतो, वॅट सांगतो. घरचा कर्ता माणूस वर्षाची शिल्लक मोजून पेटी घरी आणतो. आणि मग पाहावे तो एका खुर्चीवर खिडक्यांची तावदाने हादरताहेत, आणि दोन हातांवरच्या दुसऱ्या खुर्चीवर खर्जाचा पत्ताच नाही! दोष कोणाचा? पेटीचा, दुकानदाराचा, की आपल्या कानांचा?

याचे उत्तर हवे असेल तर जवळजवळ दीडशे वर्षे मागे जावे लागते. ते थोडक्यात आधीच सांगून ठेवतो: लहान खोलीत खर्ज वाजतो तो निम्मा पेटीचा आणि निम्मा खोलीचा. ही गोष्ट माणसाला कशी कळत गेली, त्याचीच ही हकीकत.

प्रथम खर्ज म्हणजे काय ते पाहू. वस्तू कंप पावली की आवाज होतो. सेकंदाला जितकी कंपने, तितके हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. सबवूफरचा मुलूख म्हणजे त्यातला अगदी तळचा भाग, २० पासून ८० किंवा १०० हर्ट्झपर्यंतचा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे १,१३० फूट जातो. म्हणून २० हर्ट्झच्या स्वराची एक लहर ५६ फूट लांब होते, आणि १,००० हर्ट्झच्या स्वराची लहर फुटाहून जराशीच मोठी. एवढा हा फरक! फूटभराची लहर खोलीत सहज मावते; छप्पन्न फुटांची लहर आपल्या घरात मावणार कशी? सगळी अडचण या एका आकड्यात आहे.

दुसरी अडचण कानाची. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले की, आपला कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. मधल्या पट्टीतला स्वर अगदी बारीक असला तरी ऐकू येतो. पण २० हर्ट्झचा स्वर सुमारे ७५ डेसिबलांच्या वर चढल्याखेरीज कानाला जाणवतच नाही. म्हणजे खर्ज ऐकवायचा तर हवा पुष्कळच हलवावी लागते.

आणि हवा हलवणे हेच तर जुन्या यंत्रांना जमत नव्हते. जुन्या ग्रामोफोनचा पितळी कर्णा आठवा. कर्णा खालचे स्वर तेव्हाच फेकतो जेव्हा त्याचे तोंड फार मोठे असते. घरात ठेवण्याजोगा कर्णा खर्जाच्या बाबतीत मुकाच. ध्वनिमुद्रणही तेव्हा कर्ण्यातूनच होई, विजेशिवाय. त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यवृंदातला मोठा 'डबल बास' मुद्रणाच्या वेळी बाजूला ठेवून त्याच्या जागी ट्यूबा नावाचे फुंकवाद्य वाजवीत. आपल्याकडच्या १९२५ पूर्वीच्या तबकड्या ऐकल्या तर गवयाचा आवाज खणखणीत लागतो, पण डग्ग्याचा घुमारा नावापुरताच. तबलजी कच्चा नव्हता. यंत्राला खर्ज पकडताच येत नव्हता.

१९२५ साली हे चित्र पालटले. ध्वनिमुद्रणात वीज आली आणि त्याच साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी नव्या ध्वनिक्षेपकाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात कागदाचा शंकू, त्याच्या मुळाशी तारेचे वेटोळे, आणि वेटोळ्याभोवती चुंबक. विजेचा प्रवाह हलला की वेटोळे हलते, वेटोळ्याबरोबर शंकू, आणि शंकूबरोबर हवा. आज तुमच्या घरी जो कोणता स्पीकर असेल, त्याचे कूळ बहुधा या शंकूपर्यंत पोचते.

पण शंकू मिळाला तरी एक खोड राहिली. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि पाठीमागची विरळ होते. खर्जाची लहर लांब असल्याने पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून शंकू पेटीत बसवावा लागतो. पेटी कशी असावी, यावर मग पुढची चाळीस वर्षे खल झाला.

अल्बर्ट थुरास याने १९३२ साली एका युक्तीचे पेटंट मिळवले. पेटीला एक भोक ठेवायचे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती 'हूं' करून घुमते ना? तसेच पेटीतली हवा त्या भोकातून ठरावीक खालच्या स्वराला घुमते आणि शंकूच्या मदतीला येते. हीच आजची भोकाची पेटी. पुढे १९४६ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श याने घरगुती कर्णा विकायला काढला. त्याने कर्णा दुमडून पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितली. कोपऱ्याच्या दोन भिंती हाच कर्ण्याचा पुढचा भाग! खोलीलाच वाद्याचा भाग करण्याची ही कल्पना लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

यानंतरचा माणूस शिक्षक मंडळींना आवडेल, कारण तो स्वतः शिकवीत असे. एडगर विल्चर हा न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीचा वर्ग घेई. त्याच्या मनात आले, शंकूला परत जागेवर आणण्यासाठी ताठ कड आणि स्प्रिंग कशाला? पेटी हवाबंद केली तर आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करील, आणि तेही अधिक चोख. त्याने एका स्पीकरची ताठ कड कापून टाकली आणि तिच्या जागी गादीच्या खोळीचे कापड लावले. त्या कापडाची आखणी त्याच्या पत्नीने केली. हेन्री क्लॉस हा त्याचाच विद्यार्थी. गुरुशिष्यांनी मिळून १९५४ साली 'ए.आर.-१' नावाची पेटी बाजारात आणली. कपाटाएवढ्या पेट्यांचे काम ती दोन घनफुटांच्या आत करून दाखवू लागली.

मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. लहान पेटीला वीज जास्त लागू लागली. क्लॉसचा पुढचा भागीदार हॉफमन याच्या नावाने ओळखला जाणारा एक 'लोखंडी नियम' आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मागा, तिसऱ्याची आशा सोडा. आजही कोणी तिन्ही देतो म्हणाला, तर खिशावर हात ठेवावा, हे बरे.

तोवर पेट्या बव्हंशी अंदाजाने बनत. सुताराने लाकूड कापावे, ऐकावे, पुन्हा कापावे. या कामाला गणित दिले ते ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील याने. त्याचा लेख १९६१ मध्ये तिकडच्या एका तांत्रिक नियतकालिकात आला आणि दहा वर्षे बाहेरच्या जगात फारसा कोणी वाचला नाही. १९७१ साली तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला, तेव्हा कुठे त्याची किंमत कळली. सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉलने ते काम पुढे नेले. आज कारखान्यात पेटीचे माप या दोघांच्या नावाच्या आकड्यांवरून आधी कागदावर ठरते आणि मग करवत चालते.

इकडे चित्रपटगृहांनीही खर्जाची कास धरली. १९७४ साली 'अर्थक्वेक' हा भूकंपावरचा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यासाठी युनिव्हर्सल कंपनीने मोठमोठे खर्जाचे स्पीकर थिएटरात बसवले, म्हणजे प्रेक्षकांना भूकंप नुसता दिसू नये, खुर्चीत जाणवावा. जाणवला खरा, पण शेजारच्या दालनात दुसरा चित्रपट शांतपणे पाहणाऱ्यांनाही जाणवला! १९८७ मध्ये टॉमलिन्सन होल्मन याने 'पाच पूर्णांक एक' अशी मांडणी सुचवली. पाच वाटा सर्व स्वरांसाठी, आणि एक फक्त खर्जासाठी. ती वाट अपुरी, म्हणून तिचा हिशेब दशांशात. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून डॉल्बी कंपनीचा अंकीय ध्वनी थिएटरांत आला, आणि पुढे चकत्यांवरून ही मांडणी घरोघरी पोचली. पाच लहान स्पीकर आणि एक जड पेटी, हा संच आपल्या खोलीत आला तो या वाटेने.

पण थिएटर कुठे आणि आपली खोली कुठे! पेटी लहान करण्यात, तिला गणित देण्यात सत्तर वर्षे गेली, आणि घरी आणल्यावर ती पुन्हा जुन्याच प्रश्नापाशी येऊन थांबली: लहर लांब, खोली आखूड.

या प्रश्नाचे गणित मात्र पेटीच्याही आधी सुटलेले होते. लॉर्ड रॅले हा इंग्रज शास्त्रज्ञ १८७२ साली आजारातून उठल्यावर हवापालटासाठी नाईल नदीवर नावेत राहिला होता. तिथे त्याने ध्वनीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला; तो १८७७ आणि १८७८ मध्ये दोन खंडांत निघाला. चौकोनी खोलीतली हवा कोणकोणत्या स्वरांना स्वतःहून घुमते, त्याचा हिशेब त्यात आहे. नियम सोपा आहे: आवाजाच्या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. आपली खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच धरू. १,१३० भागिले ३२ म्हणजे ३५ हर्ट्झ. भागिले २४ म्हणजे ४७. भागिले २० म्हणजे ५६ किंवा ५७. हे तीन स्वर या खोलीचे स्वतःचे झाले. शिवाय त्यांच्या पटीतले आणि मिश्रणाचे आणखी आहेतच. पेटी कितीही उत्तम असो, चित्रपटात हे स्वर आले की खोली त्यांच्यात आपला घुमारा मिसळणारच.

आणि घुमाराही सगळीकडे सारखा नाही. पहिला स्वर भिंतींपाशी जोरात असतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून तर एका खुर्चीवर धरणीकंप आणि दुसऱ्या खुर्चीवर सामसूम! कित्येकजण हौसेने खुर्ची खोलीच्या ऐन मध्यावर मांडतात; खर्जाच्या दृष्टीने तिच्यासारखी वाईट जागा नाही.

शिक्षक मंडळींनी मुलांना हा प्रयोग अवश्य करायला सांगावा. घरच्या न्हाणीघरात उभे राहून, तोंड मिटून, वरच्या स्वरापासून हळूहळू खाली गुणगुणत यायचे. एका स्वराला सारे न्हाणीघर एकदम घुमून उठेल. पाच फूट रुंदीच्या न्हाणीघरात तो स्वर सुमारे ११३ हर्ट्झचा असतो, पुरुषाच्या गळ्यात सहज येणारा. लहान मुलांचा आवाज तितका खाली जात नसल्याने त्यांनी वडीलधाऱ्यांना गुणगुणायला लावावे आणि आपण ऐकावे. रॅलेचे गणित असे घरच्या घरी पडताळता येते.

मग उपाय काय? कोणी म्हणेल, जाड पडदे लावू, गालिचा टाकू. त्याने उंच स्वर शांत होतात. खर्जाला त्याचे काही वाटत नाही. लहर शोषून घ्यायची तर तिच्या चौथ्या हिश्शाइतकी जाडी लागते. ३५ हर्ट्झसाठी ती होते आठ फूट! खोलीच भरून जाईल. पोकळ फळ्यांचे काही खास शोषक असतात, पण तो खर्चाचा मामला. कोणी म्हणेल, आणखी मोठी पेटी आणू. त्याने जिथे दणका होता तिथे दणका वाढतो. जिथे शून्य, तिथे शून्याला कितीने गुणले तरी शून्यच.

यातून वाट काढली ती अमेरिकेतल्या हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी याने, २००२ साली. त्याने चौकोनी खोलीत एक, दोन, चार अशा अनेक पेट्या वेगवेगळ्या जागी ठेवून सर्व खुर्च्यांवर काय ऐकू येईल याचे हिशेब केले. निष्कर्ष असा निघाला की, पेट्या वाढवल्या की खुर्चीखुर्चीतला फरक कमी होतो. चार पेट्या चार भिंतींच्या मध्यावर ठेवल्या तर फारच उत्तम. पण समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोनच पेट्या ठेवल्या तरी बहुतेक काम साधते. चारांपुढे वाढवण्यात मात्र फारसा फायदा नाही.

असे का होते? झोपाळ्याचे उदाहरण घ्या. एका बाजूने ढकलले तर झोपाळा झोके घेतो. दोघे समोरासमोर उभे राहून एकाच वेळी सारख्याच जोराने ढकलू लागले, तर झोपाळा जागचा हलत नाही. दोन भिंतींवरच्या दोन पेट्या खोलीच्या पहिल्या घुमाऱ्याचे तेच करतात. आणि झोपाळ्याची दोरी जिथे कडीला बांधली आहे, तिथे ढकलले तर? तरीही झोपाळा हलत नाही. भिंतीच्या मध्यावर ठेवलेली पेटी रुंदीच्या घुमाऱ्याला असेच कडीपाशी ढकलत असते. खोलीचा घुमारा निजला, की उरतो तो चित्रपटाचा खर्ज.

आता खरेदीचे बोलू. समजा, एका १२ इंची पेटीचे पैसे हाताशी आहेत. तेवढ्यात दोन ८ इंची बसत असतील, तर दोन घ्याव्यात. शंकूचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून. बाराचा वर्ग १४४, आणि आठाचा वर्ग दोनदा म्हणजे १२८. हवा जवळजवळ तितकीच हलते, वर खोलीत खर्ज सारखा पसरतो. खोली लहान आणि भिंती पक्क्या असतील, तर हवाबंद पेटी पुरते, कारण अगदी तळच्या स्वरांना बंद खोली स्वतःच उचलून धरते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात हवा आणि आवाज दोन्ही निसटतात, तेव्हा ही मदत थोडी मिळते. शिवाय पत्रा खडखडतो तो वेगळाच. तिथे भोकाची पेटी जास्त उपयोगी पडते, पण ती आकाराने मोठी असते.

वॅटच्या आकड्याला फार भुलू नये. १९९० च्या सुमारास आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारांनी वॅट छापलेले असत, ते अनेकांना आठवत असतील. विचारायचे ते 'आर.एम.एस.' वॅट. आणि तेही दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही; फक्त तीन डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळण्याइतका.

एकच पेटी परवडत असेल तरी हताश व्हायला नको. हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी सांगितलेला एक देवाणघेवाणीचा नियम इथे कामाला येतो: आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली, तरी परिणाम तोच राहतो. म्हणून पेटी तात्पुरती आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, खर्जाचे एखादे संगीत लावावे, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने खाली वाकून, कान पेटीच्या उंचीवर ठेवून फिरावे. जिथे सगळे खालचे स्वर सारखे आणि स्वच्छ लागतात, तिथे पेटी न्यावी आणि आपण खुर्चीवर परतावे. घरच्यांना हसू येईल, येऊ द्या. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण बहुधा सर्वांत ओबडधोबडही तिथेच. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये, ऐन मध्यावरही नको. मागच्या भिंतीपासून एक तृतीयांश अंतर बहुतेकदा बरे पडते. सबवूफरने ८० हर्ट्झच्या खालचे काम करावे आणि वरचे लहान स्पीकरांवर सोडावे. तितक्या खालचा स्वर कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून पेटी कुठेही असली तरी तोफ पडद्यावरच उडाल्यासारखी वाटते.

शेवटी, ज्या ढोलापासून निघालो त्याचा अवगुण विसरून चालणार नाही. विटांची भिंत उंच स्वर अडवते, खर्ज अडवत नाही. आपल्या खोलीतली तोफ शेजारच्या घरातल्या आजारी म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत जाते, पाळण्यातल्या बाळापर्यंत जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप ज्या पद्धतीने होते तिच्यात खर्जाची गणती कमी धरली जाते. आकडा नियमात बसला तरी शेजाऱ्याच्या भांड्यांची फळी थरथरत असू शकते. म्हणून पेटी लावल्यावर एकदा बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर उभे राहावे आणि ऐकावे. दोन लहान पेट्या, योग्य जागा आणि बेताचा आवाज, एवढ्यात घरच्यांना पुरेसा खर्ज मिळतो.

खोलीचे माप घ्यायला फक्त एक टेप लागतो, आणि भागाकार तर चौथीतल्या मुलालाही येतो. दुकानात जाण्यापूर्वी ही दोन कामे करावीत, एवढे सांगून हे भाषण पुरे करतो.